बधिर जागेवरचा शेक

पंचवीसहून अधिक वर्षे मी एक खोटे जपले. ते मी एकदाच बोललो, एका सैनिकी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात, वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर सावधान उभा राहून. "मॅडम, टॉवेलचे आठ पदर दिले होते. पेशंट हलला, त्यामुळे ते सरकले." पेशंट तीन पावलांवर पालथा झोपलेला होता आणि ऐकत होता. आठ पदर मी दिले नव्हते. पेशंट हलला नव्हता. त्यानंतर मी चौदा वर्षे नोकरी केली, हवालदार झालो, सन्मानाने निवृत्त झालो. त्या वाक्यांबद्दल मला कोणी कधी विचारले नाही.

हे लिहिण्यामागे केवळ पश्चात्ताप नाही. ज्याच्याविषयी मी खोटे बोललो, त्या माणसाचे आणि एका तरुण डॉक्टरबाईंचे माझ्यावर ऋण आहे. ते नोंदवून ठेवावे, एवढाच हेतू आहे.

माझे नाव विलास देवकर. सैन्याच्या वैद्यकीय विभागात मी नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि पुढे फिजिओथेरपीचे प्रशिक्षण घेतले. माजी सैनिक म्हटले की लोक चकमकींच्या गोष्टी विचारतात. मी नोकरीत शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. माझी हत्यारे म्हणजे गरम पॅकची टाकी, वितळलेल्या मेणाची टाकी, बर्फ, लाल दिवा आणि विजेच्या सौम्य झटक्यांचे एक मशीन. जखमी जवानाचा सांधा आखडला की त्याला शेक देऊन सैल करायचे, मग व्यायाम द्यायचा. सूज असेल तर बर्फ. बोटे मिटत नसतील तर हात मेणात बुडवायचा. वाचताना हे साधे वाटते. आमच्या विभागप्रमुख मेजर थॉमस यांना ते कधीच साधे वाटले नाही. त्या म्हणत, "हीट दवा है, देवकर. बिना जाँच के दवा नहीं देते."

जाँच म्हणजे दोन परीक्षानळ्या. एकीत गरम पाणी, दुसरीत थंड. पेशंटने डोळे मिटायचे. ज्या भागावर शेक द्यायचा, तिथे एकेक नळी टेकवायची आणि विचारायचे, गरम की थंड? उत्तर बरोबर आले, तरच शेक. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर ती जागा बधिर आहे. बधिर जागेवर शेक द्यायचा नाही, कारण भाजले तरी माणसाला कळत नाही. चाचणीला दोन मिनिटे लागतात. तिच्यासाठी ट्रीटमेंट कार्डावर वेगळा रकाना होता.

दिवस ठरलेला असे. ०६०० वाजता टाकी चालू. ०७३० पर्यंत पाणी तयार. ०८०० ला पहिला पेशंट. कॅनव्हासच्या पिशवीतला गरम पॅक चिमट्याने बाहेर काढायचा, पाणी निथळू द्यायचे, टॉवेलचे आठ पदर, त्यावर पॅक. पाच मिनिटांनी पॅक उचलून कातडी पाहायची. वीस मिनिटांनी काढायचा. मी हे काम वेगाने आणि नीट करत असे. माझ्या वेगाचा मला अभिमान होता. पुढे जे घडले, त्याचे मूळ मला याच अभिमानात दिसते.

बालाजी शिंगारे तेव्हा चोवीस वर्षांचा शिपाई होता, लातूरकडचा. मांडीच्या मागच्या बाजूला स्फोटातला पत्र्याचा तुकडा घुसला होता. सर्जनने तो काढला, जखम भरली. पायात ताकद पूर्ण होती. फक्त गुडघा सरळ होत नव्हता. आखडलेल्या शिरा सैल करायच्या, गुडघा सरळ करायचा आणि तीन आठवड्यांत त्याला पलटणीत परत पाठवायचे, असा हुकूम होता. त्याची पलटण पुढच्या चौकीवर जाणार होती. बालाजीच्या जिवाला तेवढा एकच घोर होता.

त्याला भेटायला त्याचा जोडीदार आला. लान्स नाईक सोपान कड, चाकणजवळच्या एका गावचा. आमच्याकडे गस्तीवर प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो. एकाने पुढे पाहायचे, दुसऱ्याने त्याच्या मागे. सोपान खाटेवर बसला, बालाजीच्या ताटातले केळे सोलून स्वतःच खाल्ले आणि मला म्हणाला, "उस्ताद, ह्याला लवकर हाकला हितून. खाऊन खाऊन ह्यो लठ्ठ व्हनार, मंग डोंगरावर मलाच वढावा लागंल."

बालाजी म्हणाला, "केळं माझं खाल्लास, वर मलाच लठ्ठ म्हन."

"तुजी जागा धरून ठिवतो. तीन हप्ते. चवथ्या हप्त्याला दुसरा जोडीदार घेतो बग."

मी त्यांना सांगितले, तीन आठवड्यांच्या आत पाठवतो. माझ्या शब्दाची खात्री मला होती.

त्याच आठवड्यात कमांडंटसाहेबांचे इन्स्पेक्शन लागले. ज्यांनी सैन्यात नोकरी केली आहे, त्यांना इन्स्पेक्शन समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. त्या दिवशी सर्व काही दिसावे लागते. भिंती चुन्याने रंगतात. कुबड्या उंचीप्रमाणे ओळीत उभ्या राहतात. स्टोअरमधून नवे पांढरे टॉवेल निघतात, घड्या करून फळीवर रचले जातात, आणि साहेब पाहून जाईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. आमचे जुने टॉवेल डागाळलेले होते. आदल्या दिवशी ते सगळे धोब्याकडे गेले. काही तुकडे मागे राहिले होते.

हुकूम असा होता: सर्व ट्रीटमेंट कार्डे ०९०० पर्यंत पूर्ण भरलेली हवीत. मी आदल्या संध्याकाळी १८०० वाजता बसलो आणि बावीस कार्डे एका दमात भरली. चाचणीच्या रकान्यात बावीस वेळा 'नॉर्मल' लिहिले. बरेचसे पेशंट जुने होते, त्यांची चाचणी आधी झाली होती. बालाजी वॉर्डातून नव्यानेच माझ्याकडे आला होता. त्याची चाचणी कोणीच केली नव्हती. सकाळी करून घेऊ, असे मी मनात म्हटले. सकाळी कार्डावर 'नॉर्मल' लिहिलेले होते, आणि लिहिलेले मी खरे धरले.

०९४० वाजता मी बालाजीला पालथे झोपवले. फळीवर टॉवेलांची नवी थप्पी होती. मी तिला हात लावला नाही. उरलेल्या तुकड्यांचे तीन पदर झाले. मांडीच्या मागे, गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, मी पॅक ठेवला.

तीन मिनिटांनी बालाजी म्हणाला, "उस्ताद, गरम लागंना."

थांबण्याचा हुकूम यापेक्षा स्पष्ट असू शकत नाही. प्रशिक्षणात आम्हाला हेच वाक्य शिकवले होते: पेशंट गरम लागत नाही म्हणाला, तर पॅक काढा आणि चाचणी करा. मला मात्र ती तक्रार वाटली. पॅक निवला असेल, असे वाटले. मी एक पदर काढला.

"आता?"

"आता बी न्हाई. पर चालतंय."

तेवढ्यात सुभेदारसाहेबांनी हाक मारली. कुबड्यांची ओळ वाकडी झाली होती. पाच मिनिटांची पाहणी राहिली. मी परतलो तेव्हा १०१० झाले होते. पॅक उचलला. कातडी पांढरी पडली होती, कडेने फोड आले होते. बालाजी पालथाच होता, कोपरावर हनुवटी टेकवून समोरच्या खाटेवरच्या जवानाशी गप्पा मारत होता. त्याला काहीच जाणवले नव्हते. स्फोटातल्या त्या तुकड्याने स्नायूची ताकद घेतली नव्हती, पण कातडीची नस तोडली होती. तळहाताएवढी जागा बधिर झाली होती. दोन नळ्यांनी ती सापडली असती.

मेजर थॉमस आल्या. त्यांनी प्रथम थंड पाण्याने जागा भिजवली, सर्जनला बोलावले, मग मला प्रश्न केले. टेस्ट? केली, मॅडम, कार्डावर आहे. किती पदर? मी वर सांगितलेली दोन वाक्ये तेव्हा बोललो.

मॅडमनी बालाजीला विचारले, "हिले थे क्या?"

पालथ्या माणसाला आपल्या पाठीमागे किती टॉवेल आहेत हे दिसत नाही. तो म्हणाला, "हिला होगा, मॅडम. गरम नहीं लग रहा था. मेरी ही गलती होगी."

माझ्यावर त्याचा विश्वास होता, म्हणून तो असे म्हणाला. मला वाचवण्यासाठी म्हणाला असता, तर मला कदाचित सोपे गेले असते.

कागदावर त्याचा निष्काळजीपणा नोंदला गेला. सर्जनने दुसऱ्या मांडीची कातडी लावली. ती आक्रसत गेली आणि गुडघा आणखी आखडला. तीन आठवडे गेले, दहा गेले. पलटण वर गेली.

बातमी आली तेव्हा मी त्याच्या पायाला व्यायाम देत होतो. वॉर्डमास्टरने येऊन दोन वाक्यांत सांगितले. गस्तीवर गोळीबार झाला. लान्स नाईक सोपान कड यांना वीरगती प्राप्त झाली. बालाजी रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "त्याच्यासंगं कोन होतं?"

"नवा पोरगा होता. पहिलीच गस्त."

बालाजीने मान हलवली आणि मला म्हणाला, "उस्ताद, चालू ठेवा." मी त्याचा गुडघा वाकवत राहिलो, सरळ करत राहिलो. त्या वेळी बोललो असतो तर, हा विचार मी पुढे असंख्य वेळा केला आहे. मी बोललो नाही. काही महिन्यांनी मेडिकल बोर्डाने त्याला नोकरीसाठी अपात्र ठरवले आणि तो घरी गेला. जाताना त्याने माझ्या पायांना हात लावला. "तुमच्यामुळं चाललो," म्हणाला.

निवृत्तीनंतर मी मोशीला घर केले. गेली बारा वर्षे चाकणला डॉ. नसरीन शेख यांच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये काम करतो. त्यांच्या वडिलांचे भोसरीत गॅरेज आहे. त्या स्वतः तिशीत आहेत, मला देवकरकाका म्हणतात आणि माझ्या चुका चारचौघांत न काढता बाजूला घेऊन सांगतात. क्लिनिक सकाळी सातला उघडते, कारण तिसरी शिफ्ट सुटलेले लोक तेव्हा घरी निघतात. प्रेसवर उभे राहून कंबर गेलेले, लोडिंगमध्ये खांदा गेलेले, वायरिंगच्या लाइनवर मनगट धरलेल्या बायका. त्यांच्या बोलण्याने खोली भरून जाते.

"काका, करंट वाढवा की. ओव्हरटाइम करून आलोय, एवढ्यानं काय होतंय!"

"करंट वाढवून पगार वाढत नाही, भाऊ. पडून राहा."

"मग काय उपयोग तुमच्या मशीनचा!"

या लोकांना शेक देताना मला बरे वाटते. आखडलेला माणूस वीस मिनिटांत सैल होतो, डोळे मिटतो, कधी घोरतो. त्या आधी मी प्रत्येकाची चाचणी करतो. बारा वर्षांत एकदाही चुकलेलो नाही. डॉक्टर एकदा म्हणाल्या, "काका, तुम्ही तर धर्म पाळल्यासारखे करता." मी हसलो. कारण सांगितले नाही.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी निळ्या गणवेशातला एक सिक्युरिटी सुपरवायझर आत आला. उजवा हात अंगाला चिकटवून धरलेला. डावा पाय किंचित वाकवून चालत होता. मी पाय आधी ओळखला, चेहरा नंतर.

त्याने मात्र मला चेहऱ्यानेच ओळखले. "उस्ताद!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आतल्या पेशंटनी पडदे बाजूला केले. "अहो, हे माझे उस्ताद हायत. ह्यांनी मला चालायला लावलं. मिलिटरीत!" त्याने डाव्या हाताने मला कवटाळले. माझ्या खांद्यावर त्याचे डोळे पुसले गेले. मी उभा होतो.

त्याला मधुमेह होता, आणि मधुमेहात खांदा आखडतो तसा त्याचा आखडला होता. कंगवा डोक्यापर्यंत जात नव्हता. डॉक्टरांनी तपासून शेक, मग ताण, मग व्यायाम असे ठरवले. मी दोन नळ्या घेतल्या. तो डोळे मिटून म्हणाला, "गरम. थंड. गरम. बरोबर का, उस्ताद?" सर्व उत्तरे बरोबर होती. मी आठ पदर मोजले. दुसऱ्यांदा मोजले.

तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागला. शेक चालू असताना बोलत असे. त्यातून मला कळले की बोर्ड झाल्यावर तो लातूरला थोडे दिवसच राहिला. मग चाकणला आला, एमआयडीसीत गेटवर नोकरी धरली, आणि सोपानच्याच घरी खोली घेतली. कडांची जमीन कंपन्यांत गेली होती. सोपानच्या पत्नी सुमनवहिनी कामगारांना खोल्या भाड्याने देत होत्या. बालाजीने लग्न केले, मुले मोठी झाली, पण खोली सोडली नाही.

"गाव का सोडलंस?" मी विचारले.

"ह्या घरच्यांचं काय तरी देनं लागतो, उस्ताद. मी टॉवेल हलवला नसता तर मी सोपानच्या मागं असतो. त्याचा जोडीदार मी होतो. वहिनी म्हनतात, तू असतास तर भिंतीवर दोन फोटू लागले असते. आसंल. पर मनाला पटत न्हाई. एवढासा टॉवेल, अन् मला पडून ऱ्हायला जमलं न्हाई."

मी त्याचा पॅक उचलून कातडी पाहिली. लाल, समान, योग्य. पॅक परत ठेवला. बोललो नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचे मौन भीतीचे होते. नोकरी जाईल, कोर्ट मार्शल होईल, अशी भीती. आता मला कशाची भीती होती? एवढीच की या खोलीत मला उस्ताद म्हणणारा एक माणूस कमी होईल. हे लक्षात आल्यावर मला स्वतःची जास्त लाज वाटली.

चौथ्या भेटीत डॉ. शेख त्याला ताण देत होत्या. बालाजीने त्यांनाही पायाची हकीकत सांगितली, नेहमीप्रमाणे स्वतःच्या चुकीसह. त्यांचे हात थांबले.

"एक मिनिट. जागा बधिर होती ना?"

"व्हय मॅडम. आजबी हाय."

"मग टॉवेल आठ असो की ऐंशी, तिथे शेक द्यायचाच नसतो. टेस्ट नाही केली कोणी?"

"केलीच आसंल की. कार्डावर लिहिलं होतं. उस्तादांनीच लिहिलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मग बालाजीला म्हणाल्या, "हात सैल सोडा." पुढे काही विचारले नाही.

दुपारी क्लिनिक रिकामे झाल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सर्व सांगितले. बावीस कार्डे, नवे टॉवेल, तीन पदर, त्यातला एक काढला, कुबड्या, दोन वाक्ये. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाल्या, "बसा, काका."

मी बसलो.

"मला सांगून तुमचं ओझं उतरेल. त्यांचं नाही उतरणार."

"तो यायचा बंद झाला तर? खांदा अर्धाच सुटला आहे."

"मी आहे ना. दुसरा माणूस ठेवीन त्यांच्यासाठी. पण काका, ते बंद होतील म्हणून घाबरताय, की तुम्ही त्यांच्या मनातून उतराल म्हणून?"

माझ्या मुलीच्या वयाच्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला, आणि कोणताही कठोर शब्द न वापरता विचारला. त्यांचे आभार मानायला मला योग्य शब्द अजून सापडलेला नाही.

पुढच्या रविवारी सोपानचा स्मृतिदिन होता. बालाजीने मला आग्रहाने बोलावले होते. गावाच्या वेशीवर काळ्या दगडाचा स्तंभ आहे. कार्यक्रम नऊचा होता. मी ०७३० ला पोहोचलो. लोकांच्या आधी त्याला गाठावे आणि एकट्याला सांगावे, अशी योजना होती.

आधी पुढचे सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला शेवट लिहवणार नाही. बालाजी मंगळवारी आला. ठरल्या वेळी, सात वाजून दहा मिनिटांनी. शर्ट काढून बाकावर बसला. डॉक्टरांनी दुसऱ्या माणसाचे विचारले, तसा मला म्हणाला, "दुसरा मानूस नको. आखडलेलं तुमीच सोडवा." त्या दिवशी आम्ही फारसे बोललो नाही. आज त्याचा हात कानाला लागतो. त्याने मला येऊ दिले, हात लावू दिला. मला मिळालेल्या कोणत्याही पदकापेक्षा मी हे मोठे मानतो.

त्या रविवारी सुमनवहिनी स्तंभ धूत होत्या. बालाजी डाव्या हाताने बादलीतले पाणी ओतत होता. वहिनींना पाहून माझी योजना मोडली. मग वाटले, त्यांच्यापासून तरी का लपवायचे? त्यांचाही यात हक्क आहे.

मी चप्पल काढून उभा राहिलो. म्हणालो, "बालाजी, त्या दिवशी तू हलला नव्हतास."

"कवा?"

"पाय भाजला तेव्हा. पदर तीन होते. तू गरम लागत नाही म्हणालास, मी एक काढला. चाचणी केलीच नव्हती. कार्डावर खोटे लिहिले होते. मॅडमना खोटे सांगितले."

त्याने बादली खाली ठेवली.

"दोनच ऱ्हायले होते?"

"दोन."

"आन् मी म्हनत होतो, गरम लागंना."

"हो."

वहिनींनी विचारले, "म्हंजी, ह्ये काय म्हनत्यात, बालाजीभाऊ?"

"म्हनत्यात, टॉवेल त्यांनी काढला." त्याचा आवाज फाटला. "उस्ताद, पंचवीस वर्सं मी ह्या घरात मान वर करून जेवलो न्हाई. तुमाला ठावं होतं?"

"घर ठाऊक नव्हते. बाकी ठाऊक होते."

तो रस्त्याकडे चालू लागला. वीसेक पावले गेला, थांबला, पाठमोरा उभा राहिला. वहिनी हातातले फडके पिळत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आमी त्याला किती येळा म्हनलं, तुजा काय दोस न्हाई. घरच्यावानी ऱ्हा. पर ह्यो मानूस माज्या दारात कायम पाव्हना ऱ्हायला. कदी हक्कानं च्या मागितला न्हाई." मग म्हणाल्या, "लई उशीर केला, दादा. पर आलात."

तोवर लोक जमू लागले होते. शाळेची मुले ओळीत आली. गावातले सहा माजी सैनिक टोप्या आणि पदके लावून उभे राहिले. सरपंचांनी माइक तपासला. बालाजी परत आला तो माझ्या समोर येऊन थांबला. डोळे लाल होते.

"मला सांगितलंत. आता त्याला सांगा." त्याने स्तंभाकडे हात केला. "त्या दिवशी मॅडमला जसं सगळ्यांदेखत सांगितलंत, तसंच. मोठ्यानं."

०९०० वाजता सोपानचे नाव पुकारले गेले. लान्स नाईक सोपान कड. दोन मिनिटे शांतता पाळली. वहिनींनी हार घातला. त्यानंतर बालाजीने माइक माझ्याकडे दिला. मी तो घेतला नाही. सहा माजी सैनिकांच्या ओळीतून पुढे आलो, स्तंभासमोर सावधान झालो, सॅल्यूट केला. मी हळू बोलणारा माणूस आहे. त्या सकाळी शेवटच्या ओळीतल्या मुलापर्यंत ऐकू गेले, असे मला नंतर सांगण्यात आले.

"लान्स नाईक सोपान कड, मी विलास देवकर, त्या वेळी नाईक, नर्सिंग असिस्टंट. तुमच्या शेवटच्या गस्तीवर तुमचा जोडीदार तुमच्या मागे नव्हता, त्याचे कारण तो नव्हता. मी होतो. मी काम अर्धवट केले, कागदावर खोटे लिहिले आणि दोष त्याच्यावर टाकला. तो त्याने माझ्यावर विश्वास ठेवून घेतला, आणि तुमच्या दारात बसून वाहिला. वहिनी, मला क्षमा करा. सोपानराव, मला क्षमा करा. बालाजी, तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. मला माफ कर."